ई अँड टीसी घेऊ का? नारायणगावच्या एका मुलीला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बारावी झाली, सीईटीला बरे मार्क पडले, प्रवेशाच्या सीएपी राउंडमध्ये पुण्यातल्या कॉलेजात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालं, कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं. मामा म्हणतात वर्ष गॅप घे आणि परत सीईटी दे. वडिलांना काळजी, की टॉवरवर चढायची नोकरी मुलीला कशी जमायची. आणि तुला स्वतःला हे विचारायचंय की घेतलंच, तर चार वर्षं नेमका अभ्यास कसा करायचा.

मी सव्वीस वर्षं मायक्रोवेव्ह आणि फायबरच्या लिंक, म्हणजे दोन ठिकाणांमधले फोनचे दुवे, आखायचं काम करते आहे. कोकणात, मराठवाड्यात, नंतर काही वर्षं आखातात. त्या अनुभवावरून सांगते: सीट घे, गॅप नको. अट एकच. गणित आवडलंच पाहिजे असं नाही, पण गणितासमोर तासभर शांत बसता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर ही शाखा चार वर्षं छळेल, आणि मग मामांचं ऐकलेलं बरं.

तू नारायणगावची आहेस हे वाचून मला फार बरं वाटलं. या विषयातल्या दोन मोठ्या गोष्टी तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहेत. १९७१ साली भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र आर्वीला सुरू झालं, विक्रम साराभाईंच्या नावाचं. परदेशी बोलणं उपग्रहावरून जायला लागलं ते तिथून. आणि खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, तर तू लहानपणापासून पाहत असशील. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, काही मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून त्या जाळीच्या ताटल्या दिसतात.

त्या ताटल्या जाळीच्या का, पत्र्याच्या का नाहीत? हा प्रश्न कधी पडला होता का? जाळीची भोकं सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची आहेत, आणि दुर्बीण ज्या लहरी पकडते त्यातली सगळ्यात आखूडसुद्धा साधारण २० सेंटीमीटर लांबीची. एवढ्या लांब लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो अखंड आरसा असतो. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांवर ताणलेल्या तारांची ही रचना केली ती याच हिशेबाने. थर्ड इयरला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स नावाचा विषय येईल, सगळे त्याला घाबरवतील. त्या दिवशी ही जाळी आठव. त्या विषयातली निम्मी समीकरणं लहर आणि तिच्या वाटेतली वस्तू यांच्या मापांचंच नातं सांगतात.

आता अभ्यासाचं. या शाखेत मुलं अडखळतात त्याचं कारण माझ्या मते अभ्यासक्रमाची मांडणी आहे. एक अखंड गोष्ट पंधरा-वीस विषयांत चिरून वाढली जाते, आणि ती एकच गोष्ट आहे हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. सिग्नल्स अँड सिस्टिम्स एका सेमिस्टरला, अँटेना दुसऱ्या, नेटवर्क्स तिसऱ्या. प्रत्येक विषयाचे वेगळे सर, वेगळं जर्नल, वेगळी ओरल. पोरं प्रत्येक पेपर सोडवून मागे टाकतात आणि शेवटच्या वर्षाला, बीईला, आल्यावर विचारतात, मॅडम, आम्ही नक्की शिकलो काय?

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही वेगळी ठेव. तिच्या पहिल्या पानावर तू आईला केलेला एक फोन काढ: डावीकडे तुझं तोंड, उजवीकडे आईचा कान, मध्ये मोकळी जागा. मग जो विषय येईल तो त्या रेघेवर कुठे बसतो ते लिहीत जा. जुन्या टेलिफोनमध्ये आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा घ्यायचे, सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणून ६४ किलोबिट. ८००० च का, हे सिग्नल्समध्ये कळेल. व्होल्टेवर, म्हणजे फोर-जीवरून होणाऱ्या कॉलवर, आईचा आवाज जास्त खरा वाटतो, कारण तिथे नमुने १६,००० आणि पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत. एवढं असूनही बिट जुन्या ६४ हजारांपेक्षा कितीतरी कमी लागतात, ही करामत डीएसपीची (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगची). हवेत बिट खराब झाले तरी वाक्य कसं पोहोचतं, ते इन्फॉर्मेशन थिअरी आणि कोडिंगमध्ये. फोनमधली अँटेना, टॉवर, टॉवरपासून निघालेलं फायबर, पुढचा राउटर, सगळ्यांना आपापली जागा मिळेल. एखादा विषय कुठेच बसत नसेल तर सरांना जाऊन विचार. चांगले सर असतील तर त्यांना हा प्रश्न आवडेल.

या रेघेवर सगळीकडे एकच हिशेब चालतो: इथून किती निघालं, वाटेत किती गेलं, तिथे किती पोहोचलं आणि त्याच्या शेजारी गोंगाट किती. हा हिशेब डेसिबलमध्ये करतात. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत बाकी काही नाही केलंस तरी चालेल, पण डेसिबल इतका पक्का कर की किराणा दुकानदार तोंडी बेरीज करतो तसा तो आला पाहिजे. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत किती डेसिबल; म्हणून एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. टॉवरवरच्या रेडिओतून २० वॉट निघतात, ते ४३ डीबीएम. तुझ्या फोनला उणे १०० डीबीएम मिळालं तरी तो बोलू शकतो, म्हणजे एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग. आर्वीसारख्या केंद्राला ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाचा ४ गिगाहर्ट्झचा सिग्नल येतो, तेव्हा वाटेत सुमारे १९६ डेसिबल गळतात. हा आकडा गुणाकारात लिहायला गेलीस तर चारावर एकोणीस शून्यं. डेसिबलमध्ये तीन अंकी वजाबाकी.

हे मी इतकं का घोकते आहे, ते सांगते. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीपलीकडच्या एका डोंगरावर साइट जोडायची होती. हॉप, म्हणजे दोन टॉवरमधली उडी, २२ किलोमीटरचा, मध्ये आडवं काही नाही, एका टोकावरून दुसऱ्या टोकाचा टॉवर दुर्बिणीतून स्वच्छ दिसायचा. १५ गिगाहर्ट्झचे रेडिओ आणि १.२ मीटरच्या डिश स्टोअरला पडून होत्या, म्हणून मी तेच घेतले. हिशेब बघ: रेडिओतून निघाले २० डीबीएम. दोन्ही डिशनी लहर एका दिशेला एकवटून दिले (याला गेन म्हणतात) ४३ आणि ४३. हवेत गेले १४३. केबल-कनेक्टरमध्ये ३. उरले उणे ४०. रेडिओला चालायला उणे ७५ पुरत होते, म्हणजे ३५ डेसिबल मार्जिन. मार्च महिन्यात दोन्ही डिश एकमेकींच्या रोखाने लावून (अलाइनमेंट) झाल्या, मोजलं तर उणे ४१. माझा कागद एका डेसिबलने खरा ठरला होता. मी फार खूश होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिंक पडायला लागली. दहा मिनिटं जायची, परत यायची. कधी दिवसातून चार वेळा. आम्ही रेडिओ बदलला, कनेक्टर उघडून पाणी शिरलंय का पाहिलं, डिश हलली का तपासलं. सगळं ठीक. शेवटी त्या साइटवर डिझेल भरायला येणारे एक काका होते, ते म्हणाले, "मॅडम, पलीकडला डोंगर दिसेनासा झाला की समजायचं, गेली लिंक."

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते माझ्या पुस्तकात होतं आणि मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. तासाला १०० मिलिमीटर दराने पाऊस पडत असेल तर १५ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरला ६ ते ८ डेसिबल जातात. अशी सर पाच किलोमीटर रुंद पट्ट्यावर असली तरी ३० ते ४० डेसिबल. माझं ३५ चं मार्जिन एका सरीत संपत होतं. मी कागदावर पावसासाठी जो आकडा धरला होता तो कोरड्या भागातल्या जुन्या लिंकच्या शीटमधून तसाच उचललेला होता. शेवटी लिंक ७ गिगाहर्ट्झवर न्यायचं ठरलं, कारण तिथे त्याच पावसात किलोमीटरला दोन डेसिबलसुद्धा जात नाहीत. पण खालच्या फ्रीक्वेन्सीला त्याच मापाची डिश कमी गेन देते, म्हणून तेवढंच मार्जिन राखायला १.८ मीटरच्या डिश लावाव्या लागल्या. मोठी डिश म्हणजे टॉवरवर वाऱ्याचा भार जास्त, म्हणून सिव्हिलवाल्यांकडून टॉवरचा हिशेब पुन्हा करून घ्यावा लागला. हे सगळं होईपर्यंत दिवाळी आली. त्या डोंगरावरच्या गावांनी पूर्ण पावसाळा तुटक फोनवर काढला, आणि त्यात दवाखान्याचा फोनही होता. ते मी विसरलेले नाही.

यातून तुझ्या अभ्यासाला काय घ्यायचं? सूत्र पाठ होतं, वजाबाकी बरोबर होती, मोजमापही जुळलं होतं. चुकला तो एक गृहीत धरलेला आकडा. म्हणून गणित सोडवताना उत्तराखाली एक ओळ लिहायची सवय लाव: यात मी काय गृहीत धरलं? परीक्षेत तिला मार्क नाहीत, म्हणून ती सवय दुसरं कुणी लावणार नाही.

आता एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. सेकंड इयरचा हा पेपर ई अँड टीसीच्या मुलांच्या केट्यांचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, मोठा वाटेकरी. लाप्लास, फोरियर, झेड ट्रान्सफॉर्म. क्लासमध्ये तीस गणितांचे तीस साचे देतात, मुलं ते गिरवतात, पास होतात, आणि पुढच्या सेमिस्टरला सिग्नल्समध्ये तेच फोरियर समोर आलं की ओळखत नाहीत. माझं म्हणणं असं की फोरियर आधी कानाने शिक. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठली फ्रीक्वेन्सी किती आहे ते, दाखवणारं एखादं फुकट ॲप घे, पेटीचा एक सूर लाव, बघ किती शेंडे उठतात. मग तबल्यावर एक थाप मार, बघ सगळा पट्टा कसा भरून निघतो. जे झटक्यात संपतं ते फ्रीक्वेन्सीत पसरतं, जे लांबतं ते एका जागी टोकदार होतं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मग वहीत इंटिग्रेशन कर. मी आजही बिघाड शोधताना हेच वापरते. एकदा एका शहरात टॉवरचा अपलिंक, म्हणजे फोनकडून टॉवरकडे येणारी बाजू, रोज संध्याकाळी गोंगाटाने भरून जायचा. स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन गल्लीगल्ली फिरलो, तर एका दुकानात सिग्नल वाढवायला लावलेला बेकायदा बूस्टर निघाला. संध्याकाळी दुकान उघडलं की तो सुरू आणि दुकान बंद केलं की बंद. पडद्यावरचा आकार पाहूनच कळलं होतं की हे फोनचं नाही.

लॅबबद्दल थोडं, पण मनापासून. जर्नल उतरवू नकोस. चार जणांच्या बॅचमध्ये एक जण जोडणी करतो आणि तिघं रीडिंग लिहून घेतात, हे सगळीकडे चालतं. तू जोडणी करणारी हो. सर्किट चाललं नाही तर त्या दिवशी जास्त शिकशील. कॉलेजची उपकरणं जुनी असतील, सीआरओवरची (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरची) अक्षरं पुसलेली असतील, तरी चालेल. घटक लागले तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं मिळतं, आणि तिथले जुने दुकानदार कुठला आयसी कशाला पर्याय म्हणून चालेल हे चांगलं सांगतात.

लॅबबाहेर करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातल्या मोजक्या सांगते. यूएसबीला लागणारा एक छोटा रेडिओ रिसीव्हर मिळतो, आरटीएल-एसडीआर म्हणतात. साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. तो आणि जीएनयू रेडिओ हे फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन आकाशवाणीचं एफएम स्टेशन स्वतः ब्लॉक जोडून ऐक. तयार ॲपने ऐकण्यात काही नाही, फिल्टर आणि डिमॉड्युलेटर (लहरीतून आवाज वेगळा काढणारा ब्लॉक) तू जोडायचा. ते जमलं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी चित्रं पाठवतं, ती पकडायचा प्रयत्न कर. वेग जास्त असल्याने फ्रीक्वेन्सी सरकताना दिसेल, अकरावीतला डॉप्लर. हे सगळं ऐकण्यापुरतं. हवेत काही पाठवायचं असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा देऊन परवाना काढ. पुण्यामुंबईत हॅम मंडळी आहेत आणि नवीन पोरांना ती हौसेने शिकवतात. दुसरं म्हणजे वायरशार्क हे सॉफ्टवेअर: स्वतःच्या लॅपटॉपमधून नेटवर जाणारं-येणारं पॅकेट उघडून बघायचं. तिसरं पायथन. शाखेत शिकवोत न शिकवोत, पायथन तुला आलंच पाहिजे, आज लिंक आखणारेही एक्सेलवर भागवत नाहीत. आणि मोबाइलचे सगळे मूळ नियम, थ्रीजीपीपीचे दस्तऐवज, नेटवर फुकट आहेत. थर्ड इयरला त्यातलं एक उघड. पहिल्या दिवशी काही कळणार नाही. दुसऱ्या महिन्यात दोन पानं कळतील.

पैसे घेऊन 'फाइव्ह-जी कोर्स, नोकरीची हमी' विकणारे पुष्कळ भेटतील. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या अशा काही मुलांना डेसिबलची बेरीज आली नव्हती. ते पैसे वाचव.

नोकरीचं खरं चित्र सांगते, कारण मामांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कॅम्पसला ई अँड टीसीच्या मुलांना घ्यायला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या सॉफ्टवेअरच्या असतात, आणि तुमच्या वर्गातली खूप मुलं तिकडेच जातील. मोबाइल सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या आज देशात चारच उरल्या आहेत. मी लागले तेव्हा एकेका सर्कलमध्ये (कंपनीच्या प्रादेशिक विभागात) भरती निघायची, तशी आता निघत नाही. नेटवर्कचं बरंच काम कंत्राटावर गेलं आहे. ऑफ-रोल (कंत्राटी) ड्राइव्ह टेस्टच्या नोकरीत वर्षभर गाडीत बसून सिग्नलच्या मोजणीचे लॉग गोळा करणारी पोरं मी पाहते, त्यातल्या ज्यांना त्या लॉगमधलं वाचता येतं ती वर्षात पुढे सरकतात, बाकीची तिथेच राहतात. पण हा विषय आता टॉवरपुरता नाही. गाडीच्या बंपरमागे ७७ गिगाहर्ट्झचा रडार असतो, पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांना लहर समजणारा माणूस लागतो. चिप डिझाइन आहे, टेस्टिंगची उपकरणं आहेत, संरक्षण आहे, इस्रो आहे. गेट परीक्षेचा ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपर आणि यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, तिथे तर आपली शाखा स्वतंत्र आहे. सरकारी वाट हवी असेल तर थर्ड इयरपासून लागावं लागतं. आणि सॉफ्टवेअरलाच जायचं ठरवलंस तरी या शाखेतून दार बंद नाही. उलटं मात्र कठीण आहे. कॉम्प्युटर करून नंतर अँटेना शिकायला आलेले मला फारसे भेटले नाहीत.

वडिलांना माझा नमस्कार सांग, आणि हे वाचून दाखव. टॉवरवर चढायचं काम रिगरचं, म्हणजे त्यासाठीच नेमलेल्या कामगाराचं, असतं. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, हार्नेस, प्रमाणपत्र लागतं, आणि इंजिनिअरने उगाच शौर्य दाखवून चढू नये असं मी माझ्या टीममधल्या मुलांनाही सांगते. मी सव्वीस वर्षांत हौसेने तीनदा चढले, कामासाठी चढावं लागलं नाही. आखणीचं काम बरंचसं नकाशावर आणि कॉम्प्युटरवर होतं. सर्व्हेला मात्र जावं लागतं, आणि तिथे अडचण टॉवरची नसते. आडगावात स्वच्छतागृह नसणं, रात्रीची गाडी, ओळख नसलेला ड्रायव्हर, या खऱ्या अडचणी. आपण काय मागायचं ते आधी ठरवून मागायचं: रात्रीच्या कामाला टीममध्ये किमान दोन जणी, गाडीचा नंबर ऑफिसात आणि घरी, मुक्काम तालुक्याच्या गावी. मी सुरुवात केली तेव्हा हे मागणारी मी एकटी होते आणि दोन ठिकाणी तोंड वाकडं झालं होतं. आज माझ्या हाताखाली पाच मुली आहेत, कुणालाच मागावं लागत नाही.

एक काम तू कर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. वडिलांना घेऊन जा. त्यांनी ती जाळी रोज लांबून पाहिली असेल, त्यांना अँटेनाच्या खाली उभं कर आणि भोकांचं कारण तू समजावून सांग. तोवर तुझी पहिली सेमिस्टर झालेली असेल. काय विचारलं त्यांनी, ते मला कळव.